खिळ्याकडे पाहा

बाबा, दुकानातल्या त्या खिळ्यावर आता एक फोटो टांगला आहे. खाली तुमचं नाव आहे, जन्माचं साल आहे, गेल्याची तारीख आहे. हार चंदनाच्या पट्ट्यांचा आहे, म्हणजे सुकत नाही. फोटोतल्या माणसानं पांढरा सदरा घातला आहे. तो माझ्याकडे पाहतो. मी खुर्ची सरकवली तरी माझ्याकडेच पाहतो. तुम्ही त्या खिळ्यावर कधी कोणाला काही टांगू दिलं नाही, म्हणून हे तुम्हाला सांगायला हवं. दुसरं कारण असं की तो माणूस तुम्ही नाही.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काळ्या कापडाखाली शिरायच्या आधी तुम्ही एकच वाक्य म्हणायचात. 'माह्याकडे नका पाहू. माह्या मांगं भिंतीवर खिळा आहे, त्याच्याकडे पाहा.' लोक विचारायचे, खिळ्यावर काय आहे. काहीच नाही, तुम्ही म्हणायचात, म्हणून तर पाहा. एक नवी नवरी आठवते. ती म्हणाली, 'खिळ्याले पाहून कशी हसू जी?' तुम्ही कापडाच्या आतून म्हणालात, 'हसू नको ना मग. खिळा का तुहा नवरा आहे?' ती खळखळून हसली, नवराही हसला. तुम्ही बटण दाबलं नाही. तिचं हसू ओसरेपर्यंत थांबलात. ते गेल्यावर चेहऱ्यावर जे उरलं तेवढं घेतलं. म्हणून तुमच्या फोटोंमधली माणसं पाहणाऱ्याकडे पाहत नाहीत. ती आपल्या खांद्यावरून मागे कुठेतरी पाहत असतात, आणि आपण नकळत एकदा मागे वळतो.

तुम्ही गेल्यावर दुकान बंदच होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी शटर उघडलं. स्टुलामागचा रंगवलेला पडदा कुजला होता, तो काढला. त्या जागी, स्टुलामागच्या भिंतीवर, कोणी न्यायलाच आलं नाही असे तीसेक फोटो फ्रेम करून लावले. मध्ये आई. तिचा फोटोही तुम्हीच काढलेला. ती सगळी माणसं समोरच्या खिळ्याकडे पाहत होती आणि खिळ्यावर काही नव्हतं. दुपारी तिथे बसून वाचायला मला आवडायचं. कोणाची नजर अंगावर यायची नाही. आता ती सगळी त्या माणसाकडे पाहतात. आईसुद्धा.

सुरुवात सावनेरपासून करते, कारण चूक तिथली आहे.

मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सक्करदऱ्याचं आपलं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि न्हाणीघर. न्हाणीघर हीच तुमची डार्करूम. तुम्ही आत असलात की आंघोळ बंद, आणि आईला पिंपातलं पाणीही मिळायचं नाही. ती दाराशी उभी राहून म्हणायची, 'झालं का जी? वरण करपून राहिलं.' आतून फक्त आकडे ऐकू यायचे. उत्तर दिलं असतं तर मोजणी चुकली असती. मला आत येऊ द्यायचात, लाल दिव्याखाली उभं राहू द्यायचात. पांढरा कागद पाण्यासारख्या त्या औषधात बुडायचा. आधी केस यायचे, मग डोळ्यांची बुबुळं, मग त्या दोन काळ्या ठिपक्यांभोवती हळूहळू माणूस जमायचा. सकाळी आईच्या पापडांच्या दोरीवर ओले चेहरे लटकत असायचे.

सावनेरहून एक माणूस सकाळीच आला होता. त्याची वहिनी पहाटे गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. तेरवीला ठेवायला काहीतरी हवं, नेण्याआधी चला, म्हणाला. अशी बोलावणी तुम्हाला यायची. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत आणि कधी जेवून निघाला नाहीत. पिशवी धरायला त्या दिवशी मी आले. शेतकऱ्याचं घर. एका खोलीत कापूस भिंतीकडे लोटून जागा केलेली, त्याच भिंतीला टेकवून तिला बसवलं होतं. पाठीला पोतं, मान सरळ राहावी म्हणून मागून एक बाई पदराआडून हात लावून होती. तीसच्या आतली असेल. पाचेक वर्षांची तिची मुलगी पायाचा अंगठा धरून ओढत होती. 'माय, ऊठ ना वं. लोक आले.'

तुम्ही वरून खाली पाहायचा तो लहान कॅमेरा घेतलात, मान खाली घातलीत. तेवढ्यात म्हातारी सासू माझ्याजवळ आली. तिला तुमच्याशी बोलायचा धीर नव्हता. 'बाई, डोळे उघडे करून द्या फोटोत,' ती म्हणाली. 'नाही तं हे पोरगी झोपलेली माय पाहून रोज उठवत राहीन तिले.' तुम्ही ते ऐकलंत. मान वर न करता म्हणालात, 'मले जे दिसते तेवढंच देता येते, माय. जे दिसलं नाही ते कुठून आणू?' शहरात दोघं-तिघं फोटोग्राफर असे उघडे डोळे रंगवून देत. तुम्ही देत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत बसलात. मी त्या मुलीचा आवाज ऐकत होते.

त्या रात्री कागद औषधात गेला. केस आले. मग मी बुबुळांची वाट पाहिली, सवयीनं. ती आली नाहीत. नाक आलं, ओठ आले, कपाळावरचं कुंकू आलं, आणि मध्ये दोन फिक्या रेघा. माणूस कशाभोवती जमावा तेच नव्हतं.

दोन दिवसांनी तुम्ही लग्नाच्या कामाला बाहेरगावी गेलात. मी प्रिंट घेऊन स्वयंपाकघरात खिडकीशी बसले, उजेड तिथे चांगला होता. तुमचा सगळ्यात बारीक ब्रश, काळी शाई. डोळा कसा असतो ते मला माहीत आहे असं वाटलं होतं. ब्रश टेकवला आणि कळलं की माहीत नाही. आईच्या कुंकवाच्या डब्यातला आरसा काढला, समोर उभा केला आणि त्यात पाहून काढले. आई पोळ्या करत होती. एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, 'ह्यांना विचारलं का?' मी ब्रश पुन्हा शाईत बुडवला. तिनं पोळी उलटली. प्रिंटवरून कॅमेऱ्यानं पुन्हा निगेटिव्ह काढलं म्हणजे शाईची चमक दिसत नाही, ते तुमच्याकडूनच शिकले होते. तो दीर फोटो न्यायला आला, मी पाकीट दिलं. त्यानं तिथेच उघडून पाहिलं आणि त्याचे हात थांबले. मला अभिमान वाटला. तोच अभिमान मला पुन्हा वाटला, चाळीस वर्षांनी. ते पुढे सांगते.

तुम्हाला ते निगेटिव्ह आठवड्यानं सापडलं. बल्बसमोर धरलंत. निगेटिव्हमध्ये बुबुळं पांढरी असतात. तुम्ही एकदा निगेटिव्हकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. आवाज चढला नाही. 'हे डोळे तुहे आहेत,' म्हणालात. मी म्हटलं, पोरगी रोज उठवत राहिली असती. तुम्ही म्हणालात, 'तू तिले उठवलं नाही वं. तू तिच्यात जाऊन बसली.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तुम्ही सावनेरला गेलात, फोटो परत आणायला. संध्याकाळी आलात. हातात काही नव्हतं. पाणी प्यायलात, पेला पालथा घातलात आणि म्हणालात, 'राहू दे.' तिथे काय झालं ते तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ब्रश मात्र पुन्हा माझ्या हातात दिला नाहीत. एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा तुमचं भिंग दिलंत, निगेटिव्ह पाहायचं. 'हे घे. पाहाचं काम कर. रिकामी जागा दिसली तं दिसू दे, भरू नको.' ते भिंग मी आयुष्यभर शब्दकोश वाचायला वापरलं.

तुमच्या म्हणण्यात खोट काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, हेही लिहून ठेवते. तुम्ही कुठे मोठे सत्यवादी होता? स्टुलामागचा पडदा काय होता? सिनेमाचे फलक रंगवणाऱ्याकडून काढून घेतलेलं सरोवर, संगमरवरी पायऱ्या, दोन हंस. खरा तलाव पाच मिनिटांवर आणि लोक रंगवलेल्या सरोवरापुढे बसायचे. मी एकदा तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, 'पडदा सगळ्याइले दिसते ना पडदा आहे म्हणून.' पुढे तीस वर्षं मी वर्गात कथा शिकवल्या, कधीच जन्माला न आलेल्या माणसांबद्दल मुलांना रडताना पाहिलं. तिथेही पुस्तकावर कथा असं छापलेलं असतं. तो पडदाच. देवीचे वण असलेली बाई आली की मी म्हणायचे, निगेटिव्हवर पेन्सिलनं भरून टाकू. तुम्ही तिचा चेहरा खिडकीकडे जरासा वळवायचात. वण तिथेच असायचे, उजेड त्यांना सांभाळून घ्यायचा. कला म्हणून तुम्ही जे काही करत होता ते एवढंच होतं: थांबणं, आणि माणसाला जरासं वळवणं. बाकी तिथे कोणीतरी बसलेलं असायचं.

आता बसावं लागत नाही. कसं समजावू? एक मशीन आहे, त्याला शब्द दिले की ते फोटो देतं. कॅमेरा नाही, उजेड नाही, समोर कोणी नाही. आमच्या जुन्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर मागच्या हिवाळ्यात कोणीतरी सक्करदरा तलावाचा फोटो टाकला. धुकं, दगडी घाट, पाण्याशी वाकलेली एक बाई. इतका सुंदर होता की मी तो दोनदा उघडला. दुसऱ्या दिवशी तो घाट पाहायला गेले. पूर्ण फेरी मारली, एका चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, 'ऐसा घाट तो इधर कभी था ही नहीं, मॅडम.' घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला. तेवढाच सुंदर होता. मला फसवणुकीचा राग आला नाही, हेच मला विचित्र वाटलं. मला त्या बाईची काळजी वाटत होती. ती कुठे वाकली होती?

मग दादाचा फोन आला. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याच्या नंदनवनच्या घरात नव्या सुनेच्या माहेरची माणसं येणार, आईचा फोटो आहे आणि बाबांचा नाही, बरं दिसत नाही. तुमचा फोटो नव्हताच. दादाच्या लग्नातही तुम्ही कॅमेऱ्यामागे होता. मतदार कार्डावर एक राखाडी डाग आहे, कारण तुम्ही त्या फोटोग्राफरला 'बल्ब डावीकडे घे गा' सांगायला मान वळवलीत. तुमच्या तेरवीला आम्ही पाटावर तुमचा कॅमेरा ठेवला आणि त्याला हार घातला. लोक त्याच्यासमोर हात जोडत होते आणि भिंगात उलटे दिसत होते.

दादाच्या मुलानं फोनवर सगळं समजावून दिलं. एका दुपारी मी दुकानात बसले आणि तुमचं वर्णन लिहिलं. इतकं चांगलं मी कधी काही लिहिलं नव्हतं. गालाची वर आलेली हाडं, कानाच्या पाळीवरचे केस, डाव्या भुवईतला जुना वण जिथे केस येत नाहीत, खालच्या ओठाची सुपारीची सवय. मशीननं चार माणसं दिली. चौघंही मालिकेतले सासरे. मी सुधारत गेले. ते न कंटाळता नवा माणूस देत गेलं. तुमची हनुवटी दादाकडे आहे म्हणून दादाचा फोटो दिला. कपाळ माझ्याकडे आहे म्हणून माझा दिला, तरुणपणीचा. दर वेळी एक अनोळखी माणूस थोडा ओळखीचा व्हायचा, आणि त्याआधीचे सगळे वर सरकून नाहीसे व्हायचे. किती जण गेले मोजले नाहीत. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा समोर एक चेहरा आला, आणि मी मोठ्यानं 'बाबा' म्हटलं.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मला अभिमान वाटला.

दादा रडला. त्यानं आपल्या घरी लावला, मला एक प्रत पाठवली. मी ती त्या खिळ्यावर टांगली. दुसरी जागा नव्हती असं म्हणू शकते, पण जागा होती. पहिल्या दिवसापासून मला एक अडचण जाणवत होती आणि ती काय आहे ते कळत नव्हतं. त्या माणसानं डोळे किंचित बारीक केले आहेत, उन्हात करतो तसे. ते ऊन कधी पडलंच नव्हतं. त्याच्या मागे भिंत आहे, पण कोणत्याही घरातली नाही. तो कोणाची तरी वाट पाहिल्यासारखा दिसतो आणि माझ्याखेरीज तिथे कोणी नाही.

लग्नानंतर महिन्याभरानं, सोमवारी दुपारी, एक बाई दुकानात आली. पंचेचाळीसची असेल, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फ्रेम. दारातच थांबून माझ्याकडे पाहत राहिली. 'तुमाले कुठीतरी पाह्यलं आहे मी, ताई,' म्हणाली. कॉलेजात असेल, मी म्हटलं. 'नाही जी, मी कधी नागपुरात शिकली नाही. मी सावनेरची.' आणि तिनं फ्रेम उघडली.

काच तडकली होती, कागद पिवळा पडला होता. भिंतीला टेकून बसलेली बाई आणि तिच्या चेहऱ्यात माझे एकोणीस वर्षांचे डोळे.

'माही माय,' ती म्हणाली. 'मी पाच वर्षांची होती. मले काहीच आठवत नाही, हाच फोटो आठवते. जेवायले बसली का माय समोर. शाळेतून आली का माय समोर. लोक म्हणत, कशी पाहते वं तुही माय, जशी काही बोलनच.' मग फोन काढला. 'माह्या पोरानं काय केलं पाहा. मशीनमधून जिवंत केली.' पडद्यावर ती बाई रंगीत झाली होती. तिनं श्वास घेतला. मान जराशी वळवली आणि पापण्या मिटून उघडल्या. आपले डोळे मिटताना कोणी स्वतःला पाहत नाही, बाबा. मी पाहिले. दोनदा मिटले, मग ती हसली, मग पुन्हा पहिल्यापासून.

'सगळे खूश आहेत,' बाई म्हणाली. 'मले नाही जमून राहिलं. हे हसते ना, तेव्हा माह्याकडे पाहून नाही हसत. पोराले म्हटलं, अरे ही मले ओळखत नाही. तो म्हणते, मम्मी तू पण ना.' तिनं फोन पर्समध्ये टाकला. 'फोटोमागं तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. असली निगेटिव्ह असंन तं द्या. मले माही खरी माय पाहिजे, मशीनची नाही.'

मी काही बोलायच्या आत तिची नजर खिळ्याकडे गेली. ती उठून जवळ गेली. 'हे तं तेच आहेत,' म्हणाली. 'आमच्याकडे आले होते. फोटो वापस मांगाले.' मी विचारलं, आठवतं? 'तेवढं आठवते. आजी देत नव्हती. मी फोटोले मिठी मारून बसली होती कोपऱ्यात. हे दारातच टेकले, चप्पल न काढता. मले विचारलं, बेटा, कोणाचे डोळे आहेत हे? मी म्हटलं, मायचे. मंग माह्या डोक्यावर हात ठेवला अन् गेले.' तिनं फोटोतल्या माणसाकडे पुन्हा पाहिलं. 'हेच. अस्सेच पाहत होते माह्याकडे.'

तेव्हा मला माझी अडचण कळली. मशीनला मी माझा तरुणपणीचा फोटो दिला होता, आणि कपाळाबरोबर त्यानं डोळेही माझेच घेतले होते. ती ज्यांना ओळखत होती ते डोळे तिला लहानपणापासून पाठ होते.

मी तिला रविवारी यायला सांगितलं. ती गेल्यावर निगेटिव्हचे डबे काढले. सावनेरची दोन पाकिटं एकाच रबरात होती. रबर हातात तुटलं. एकावर तुमच्या अक्षरात 'सावनेर. खरी.' दुसऱ्यावर 'सावनेर. डोळे पोरीचे.' तुम्ही फेकलं नव्हतं. खोटं होतं ते खोटं म्हणून जपून ठेवलं होतं.

एका जुन्या लॅबवाल्याकडून खरीचा प्रिंट काढून आणला. चाळीस वर्षांनी ती बाई पाहिली. मान किंचित उजवीकडे, वरचा ओठ जरा उघडा, एका गालावर उशीचा असावा तसा वळ. पापण्या जड. तिच्या खांद्यामागे पदराचा काठ आणि दोन बोटं दिसतात, मान धरणाऱ्या बाईची. माझ्या प्रतीत मी ती बोटं पुसली होती, तेही विसरले होते. ती कोणाकडे पाहत नाही. ती आहे एवढंच. या चेहऱ्याशिवाय मी त्या मुलीला चाळीस वर्षं ठेवलं, असं मला वाटलं, आणि मी ठरवलं की सगळं सांगायचं. डोळे माझे होते म्हणून सांगायचं. तुम्ही का आला होता ते सांगायचं. वाक्यं जुळवून ठेवली होती.

रविवारी ती आली. मी प्रिंट तिच्यापुढे ठेवला, आधी तिला पाहू द्यावं म्हणून. तिनं चष्मा लावला. हातात घेतला, उजेडाकडे धरला. बराच वेळ.

'ही कोण?' तिनं विचारलं.

मी म्हटलं, नीट पाहा. तिनं पाहिलं. 'नाही जी,' ती म्हणाली. 'मेलेली बाई आहे हे कोणीतरी. माही माय अशी नव्हती.' प्रिंट तिनं टेबलावर पालथा ठेवला, हलक्या हातानं, कोणाचं तरी आहे म्हणून. 'पाकीट बदललं असंन तुमचं, ताई.'

जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला दिसत होतं की तिला पुन्हा वाटतंय, हिला कुठेतरी पाहिलं आहे. मी म्हटलं, 'हो. चुकून दुसऱ्याचं निघालं. तुमचं ओल लागून खराब झालं.' ती म्हणाली, जाऊ द्या, आता आहे तेच सांभाळीन. जाताना तिनं त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

तो प्रिंट मी आईच्या शेजारी लावला आहे. त्या भिंतीवरची ती एकटीच खिळ्याकडे पाहत नाही.

परवा तुमचं भिंग घेऊन मी सगळ्या फोटोंसमोर उभी राहिले, एकेका डोळ्यात पाहत. मला हे आधी का सुचलं नाही? प्रत्येकाच्या बुबुळात दुकानाची खिडकी आहे, पांढरा चौकोन, आणि त्याच्या कडेला मोहरीएवढं काळं काहीतरी, खाली तीन काड्या. स्टँड, आणि त्यामागे कापडाखाली तुम्ही. आईच्या डोळ्यात सगळ्यात स्पष्ट आहे. तेवढेच तुमचे फोटो आहेत, प्रत्येक माणसात दोन. चेहरा कुठेच नाही. मग स्टूल घेतलं आणि खिळ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांना भिंग लावलं. उजव्या डोळ्यात एक खिडकी आहे, डाव्या डोळ्यात दुसरी. दोन्ही सारख्या नाहीत. दोन्हींत कोणी उभं नाही.

हे पत्र त्या दोन पाकिटांबरोबर डब्यात जाईल. वर काय लिहायचं ते तुम्हीच शिकवलं आहे.

एक गोष्ट राहिली. मघाशी या पत्रात तुमचं वर्णन लिहिताना, डाव्या भुवईतला वण, असं लिहून गेले आणि थांबले. डाव्या की उजव्या? डोळे मिटून तुम्हाला आठवायचा प्रयत्न केला. जो चेहरा आला तो सरळ माझ्याकडे पाहत होता, आणि तुम्ही तर कधी तसं टक लावून पाहिलंच नव्हतं. शेवटी दादाला फोन लावला. 'काहून वं, काय झालं?' तो म्हणाला. मी विचारलं, बाबांचा वण कोणत्या भुवईत होता. त्याच्या मागे टीव्ही चालू होता. तो आठवून पाहतोय, असं मला वाटलं.

'फोटोत पाह्य ना,' तो म्हणाला.

मी मान वर केली आणि पाहिलं.